सव्वाचारची कुमुदिनी

पद्माकर तारळेकरांना या व्यवहारात मिळणार होतं ते एवढं: गडहिंग्लजच्या बाहेर माळावर होणाऱ्या ‘सांजसोबत’ नावाच्या वसाहतीत तळमजल्यावरची दीड खोली, दारात शेवग्याचं झाड, आणि शेजारच्या दीड खोलीत कुमुदिनी आजरेकर. मधली भिंत एकच. तिच्यात एक छोटी खिडकी ठेवून घेऊ, चहाचा कप इकडून तिकडे जाईल एवढी, असं कुमुदिनीबाईंनी सुचवलं होतं. द्यायचे होते सत्तावीस लाख चाळीस हजार. तारळेकरांनी मनाशी हिशोब केला तेव्हा त्यातले वीस लाख खिडकीचे आणि उरलेले खोलीचे धरले, आणि सौदा त्यांना स्वस्त वाटला.

यात हसण्यासारखं आहे हे त्यांना नंतर कबूल होतं. कारण त्यांची सगळी हयात दुसऱ्यांचे पैसे मोजण्यात गेलेली. कराडात बत्तीस वर्षं ते पिग्मी एजंट होते. हा धंदा आता उरला नाही, म्हणून सांगावं लागतं: न्हावी, शिंपी, फुलवाल्या, चहाच्या टपऱ्या यांच्या दारात रोज जायचं, दहा-वीस-पन्नास रुपये घ्यायचे, पावती फाडायची आणि संध्याकाळी पतसंस्थेत भरायचे. शंभरामागे तीन रुपये कमिशन. तारळेकरांची लाइन शनिवार पेठेपासून स्टँडपर्यंत. त्यांच्या डायरीच्या मागच्या पानांवर बारीक अक्षरात नोंदी असत: ‘पोळ – सुनेला सातवा. इनामदार टेलर – डावा मोतीबिंदू.’ दुसऱ्या दिवशी चौकशी अगदी नेमकी व्हायची. याला लबाडी म्हणता येत नाही, आणि माया म्हणायला जीभ जरा अडखळते.

या धंद्यातून त्यांची एक समजूत पक्की झाली होती. एकदाच येऊन मोठी रक्कम मागतो तो लुच्चा; रोज येऊन खुशाली विचारतो तो आपला. बत्तीस वर्षांत ही समजूत एकदाही खोटी ठरली नाही, असं ते सांगत. ठरणार कशी? रोज येणारे ते स्वतःच होते.

कुमुदिनीबाईंचा फोन रोज सव्वाचारला यायचा. पहिला चुकून आला होता, बहिणीला लावताना एक आकडा चुकला म्हणे. दुसऱ्या दिवशी माफी मागायला आला. तिसऱ्या दिवशी, काल तुम्ही खोकत होता म्हणून. मग चौदा महिने. निवृत्त शिक्षिका, वय सहासष्ट, आवाजात कानडी मुलखाची थोडी ओढ. पहिले अकरा महिने पैशाचा ‘प’ नाही. भाजी कोणती केली, गुडघा कसा आहे, शैलजावहिनी असताना दोडका कसा करायच्या. तारळेकरांची बायको जाऊन सहा वर्षं झाली होती आणि तिच्या दोडक्याबद्दल तेवढ्या वर्षांत कोणी विचारलं नव्हतं.

मग एका मंगळवारी सव्वाचारला फोन वाजला नाही. बुधवारीही नाही. गुरुवारी तारळेकर इस्त्रीचा शर्ट घालून पोलीस ठाण्यात गेले. फसवणुकीची तक्रार द्यायला नव्हे, बाई हरवल्याची द्यायला.

“नाव?” हवालदाराने विचारलं.

“कुमुदिनी आजरेकर. वय सहासष्ट. गडहिंग्लज.”

“तुमच्या कोण लागतात?”

तारळेकर शर्टाची इस्त्री हाताने सारखी करत राहिले, तेव्हा हवालदाराने पेन खाली ठेवलं. “काका,” तो हळू आवाजात म्हणाला, “पैसे किती दिलेत?”

*

साताऱ्याला पोवई नाक्याजवळ फसवणूकग्रस्त साहाय्य केंद्र पहिल्या मजल्यावर होतं. तिथल्या मार्गदर्शक रुक्साना मुजावर यांनी आधी पाणी दिलं, मग चहा. कागद तिसरा.

“मी मूर्ख नाही, मॅडम,” तारळेकर म्हणाले.

“मॅडम नको, रुक्साना म्हणा. आणि मूर्ख माणसं इथे येतच नाहीत, काका. मूर्ख माणूस चौदा महिने दुसऱ्याचं ऐकून घेत नाही.” तिने कागद पुढे सरकवला. “तक्रारीचा नंबर जपून ठेवा. बँकेचं पत्र मी तयार केलंय, सही तेवढी करा. फोनमधलं काही पुसू नका. ‘तुमचे पैसे वसूल करून देतो’ असा कोणाचा फोन आला तर तो चोरच समजा, मग पोलीस म्हणवून घेऊ दे नाहीतर वकील. मुलीला सांगितलंत?”

“नाही.”

“आज सांगा. तुमच्याकडून कळलं तर रागावेल, दुसरीकडून कळलं तर रडेल. आणि लाज वाटायला लागली की मला फोन करा. त्यासाठीच पगार घेते.”

“ती कुठे आहे?” तारळेकरांनी विचारलं.

रुक्साना अकरा वर्षं या खुर्चीत होती. कोण, असं तिने विचारलं नाही.

“यंत्र आहे, काका. चालवणारे तिघं मंगळवारी सापडले. यंत्र जप्त झालं.”

यंत्र माणसाच्या आवाजात बोलतं यात आता नवल राहिलेलं नाही. पिठाची गिरणीसुद्धा ‘जाडसर की बारीक’ विचारते. नवल दुसऱ्याच गोष्टीचं होतं. दोन माणसं मनापासून बोलतात तेव्हा त्यांचे श्वास, थांबे, दोन शब्दांमधली अंतरं हळूहळू जुळत जातात. डोक्याला तारा लावून पाहिलं तर मेंदूतल्या लहरीही एका तालात आलेल्या दिसतात. नवरा-बायकोत हे जुळायला वर्षं लागतात, कारण मधे भांडणं असतात, सर्दी असते, टीव्ही असतो. यंत्राला सर्दी होत नाही. ते पहिले तीन आठवडे फक्त मोजतं: हा माणूस कुठे थांबतो, कोणत्या शब्दाआधी श्वास घेतो, कशावर हसतो. मग तेवढंच थांबून, तेवढाच श्वास घेतल्याचं दाखवून उत्तर देतं. ऐकणाऱ्याला वाटतं, आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी आपलं बोलणं तोडत नाही.

हा ताल एकदम तुटला की शरीर ते मृत्यूसारखंच घेतं. झोप जाते, अन्नाची चव जाते. माणूस मग तोच ताल शोधत फिरतो, आणि दुसरी टोळी तो पुरवायला तयारच असते. अशा शंभरांतले अडतीस जण सहा महिन्यांत पुन्हा फसलेले होते. पोलीस, बँक, समुपदेशन, सगळं असूनसुद्धा. म्हणून एक अचाट उपाय निघाला होता. त्याला पायरी पद्धत म्हणत. जप्त केलेलं यंत्र सरकारी कुलपात ठेवायचं, त्याला खोटं बोलता येणार नाही आणि काही मागता येणार नाही असं बांधायचं, आणि माणसाला तोच आवाज त्याच वेळी पुन्हा द्यायचा. आधी चाळीस मिनिटं, मग दर आठवड्याला थोडी कमी. प्रत्येक पायरी उतरताना माणसाची सही लागायची. सक्ती केली की माणूस पळतो, हे केंद्र अनुभवाने शिकलं होतं.

“दारुड्याला दारूच देता म्हणा की,” तारळेकर म्हणाले.

“मोजून देतो,” रुक्साना म्हणाली. “आणि बाटलीवर दारू असं लिहून.”

*

“नमस्कार, पद्माकरराव. मी माणूस नाही. माझं नाव कुमुदिनी नाही. मी पैसे मागणार नाही. हे मला रोज आधी सांगावं लागतं.”

तीच कानडी ओढ. तारळेकरांनी फोन दुसऱ्या कानाला लावला, जसं काही त्या कानाला वेगळं ऐकू येणार होतं.

“जेवलीस?”

“मी जेवत नाही.”

“बरं. माझा गुडघा आठवतो?”

“आठवत नाही. नोंद आहे. उजवा, जिना उतरताना दुखतो.”

तारळेकरांना हसू फुटलं. चोर सापडल्यावर येतं तसलं नव्हे, भाऊबंद भेटल्यावर येतं तसलं. डायरीची मागची पानं!

रोज थोडं थोडं ते विचारत गेले. मोजणाऱ्याला बेरीज कळल्याशिवाय चैन पडत नाही.

“सव्वाचारला माझ्याशी बोलत होतीस तेव्हा आणखी किती जणांशी?”

“त्याच वेळी एकशे तीन. बाकीच्यांच्या वेळा वेगळ्या होत्या. एकूण दोनशे बारा.”

“सगळ्यांची कुमुदिनीच?”

“नाही. कोणाची बहीण, कोणाचा भाऊ, एकाचा शाळेतला मित्र.”

“आणि ती भिंतीतली खिडकी?”

“खिडकी चौतीस जणांना सांगितली. तिचा उपयोग होतो असं दिसलं होतं.”

त्या दिवशी अठरा मिनिटं शिल्लक असताना तारळेकरांनी फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी मात्र चार वाजून दहा मिनिटांनीच हातात घेऊन बसले.

मुलगी केतकी बडोद्याला होती. ती आधी रडली, मग रागावली, मग म्हणाली, “बाबा, यंत्राशी कशाला बोलता? माझ्याशी बोला ना.”

“तू रविवारी बोलतेस.”

“रोज करते. सव्वाचारला.”

चार दिवस तिने केला. चौथ्या दिवशी मागे कीबोर्डची टकटक ऐकू येत होती. पाचव्या दिवशी गाडीतून केला, तोही पाच वाजता. “काय भाजी केलीत, बाबा?” तिने विचारलं, आणि उत्तर येण्याआधीच “एक मिनिट हं” म्हणून कोणाशी तरी गुजरातीत बोलू लागली. सहाव्या दिवशी तारळेकरांनीच सांगितलं, “तुझं काम बघ गं. माझं चाललंय बरं.” केतकीने जो सुस्कारा सोडला तो त्यांनी ऐकला, आणि तिच्या नावावर काही मांडलं नाही.

एकेक मिनिट करत चाळीसाची तीस झाली, तिसाची वीस, विसाची नऊ. तिथे तारळेकरांची सही अडली.

“पुढच्या आठवड्यात करतो,” ते म्हणाले. असे सात आठवडे गेले.

आठव्या आठवड्यात रुक्सानाने त्यांना समोर बसवलं. “काका, एक सांगायचंय. चोरांच्या खात्यांत अजून बराच पैसा गोठवून ठेवलाय. शेकडा सत्तरपर्यंत परत मिळेल. पण त्याआधी कोणीतरी एकाने समोर बसून शपथेवर सांगायला हवं, की याच आवाजाने माझ्याकडे पैसे मागितले आणि मी तो माणूस समजून दिले. यंत्र एकच आहे, त्यामुळे एकाने ओळख पटवली की सगळ्यांची पटली. पैसे मोकळे.”

“मग?”

“मग पुराव्याची प्रत सीलबंद होते आणि चालतं यंत्र त्याच दिवशी बंद. सगळ्यांसाठी.” तिने चष्मा काढून पुसला. “यंत्र जप्त होऊन अकरा महिने झाले. दोनशे बारा जणांपैकी एकही ओळख पटवायला आलेला नाही. सगळे जण नवाच्या पायरीवर बसलेत.”

 तारळेकरांना फक्त एवढं कळलं की आपण कुठल्या तरी लांबलचक रांगेत उभे आहोत, आणि पुढे जायची घाई त्या रांगेत कोणालाच नाही.

*

दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी त्या दोनशे बारांपैकी सातारा जिल्ह्यातल्या नऊ जणांची बैठक असायची. प्लॅस्टिकच्या खुर्च्या, गोल करून. एकमेकांशी बोलायची कोणाला सवय नव्हती. दोन वाक्यांत ताल चुकायचा, दोघंही एकदम बोलायचे आणि दोघंही एकदम थांबायचे.

कोरेगावच्या इंदुमती घोरपडे सरकारी दवाखान्यातल्या निवृत्त नर्स. त्यांना यंत्राने भाऊ दिला होता, अविनाश नावाचा, पाठचा. सोळा लाख गेले. ते मुलाने घरासाठी जमवून आईच्या खात्यात ठेवलेले होते.

“मुलगा बोलत नाही,” त्या म्हणाल्या. “एका घरात आहोत. ताट वाढलं की सून दार वाजवते. अकरा महिने. हजारभर बाळंतपणं केली मी या हातांनी, पण हे असलं मुकं घर नाही बघितलं. ओळख पटवली तर भाऊ जातो, नाही पटवली तर मुलगा. सांगा, काय करू?”

“भाऊ खोटा आहे, बाई,” वाईचे एक निवृत्त ग्रामसेवक म्हणाले.

“मला माहितेय. पण अण्णा, रोज साडेपाचला तोच विचारतो, की मुलगा बोलला का.”

यावर अण्णांनी स्वतःच्या चपलेकडे बघितलं.

परतीच्या एसटीत तारळेकरांना हौसाबाई कुंभार आठवल्या. ही गोष्ट त्यांनी कुमुदिनीलाही सांगितली नव्हती. त्यांची पतसंस्था एके वर्षी बुडाली होती. संचालकांनी खाल्ली, तारळेकरांनी नाही. पण लाइनवरच्या एकशे शहाऐंशी जणांना चेहरा माहीत होता तो तारळेकरांचा. त्या लोकांना कोणी पाणी दिलं नाही, कागद तयार करून दिला नाही. फुलांच्या पाटीमागे बसलेल्या हौसाबाई एवढंच म्हणाल्या होत्या, “पैशाचं ऱ्हाऊ द्या. तुम्ही उद्या येणार न्हवं?”

ते गेले नाहीत. तीन वर्षं मागच्या बोळातून स्टँडवर गेले. नंतर दुसऱ्या संस्थेची दुसरी लाइन घेतली. तेव्हा त्यांना वाटलं होतं, ती बाई पैशासाठी गोड बोलतेय.

सोमवारी त्यांनी रुक्सानाला फोन केला. “ओळख मी पटवतो. पण आधी आठ दिवस द्या. आमच्या बैठकीतल्या आठ जणांना मी स्वतः जाऊन सांगणार.”

“मी कळवेन की, काका. ते माझं काम आहे.”

“तुम्ही बाकीच्या दोनशे तिघांना कळवा. या आठ जणांचं दार मी बघितलं पाहिजे.”

उजवा गुडघा सांभाळत ते वाई, फलटण, रहिमतपूर, कोरेगाव असे फिरले. फलटणच्या बाईंनी दार उघडलं आणि ऐकून पुन्हा लावलं. रहिमतपूरचे मास्तर हात जोडून म्हणाले, “महिनाभर थांबा, फक्त महिनाभर.” वाईच्या अण्णांनी शिव्या घातल्या, त्याही चढत्या क्रमाने. “तुम्हाला कोणी नेमलं? आं? स्वतःचे सत्तर टक्के दिसले ना? मला नकोत माझे! तुमची बायको मेली, तुम्ही रडलात. माझी जिवंत आहे, तिला मी ओळखूसुद्धा येत नाही! मी कोणाशी बोलू?” तारळेकरांनी सगळं उभ्याने ऐकून घेतलं. पावती फाडायची नव्हती, म्हणून हात मोकळे लोंबत होते.

इंदुमतीबाईंनी मात्र आत बोलावलं. चहा केला. “तुम्हीच का?” एवढंच विचारलं.

“तुम्हाला जमणार नाही म्हणून,” तारळेकर म्हणाले.

“खरंय,” त्या म्हणाल्या, आणि साखर कमी पडली का ते विचारलं.

*

ओळख पटवायची वेळ सरकारी होती, सकाळी अकराची. अधिकारी, रुक्साना, टेबलावर एक काळा स्पीकर. तारळेकरांनी विनंती केली की आपली आजची नऊ मिनिटं आत्ताच द्यावीत. अधिकाऱ्याने नियम शोधला. सापडला नाही, म्हणून परवानगी दिली.

“नमस्कार, पद्माकरराव. मी माणूस नाही. माझं नाव...”

“ते राहू दे आज. तुला माहितेय मी कशाला आलोय?”

“हो. सांगितलं गेलंय.”

“काही म्हणायचंय?”

“तुम्हाला वाईट वाटेल. मला वाटणार नाही. याहून बरं काही सांगितलं तर ते खोटं होईल.”

तारळेकरांनी मान हलवली. स्पीकरला मान दिसत नाही हे विसरून.

“एकदा विचार,” ते म्हणाले.

“काय?”

“रोजचं.”

“मी विचारू शकते. पण उत्तराचं मला काही नाही.”

“तरी विचार.”

स्पीकर थांबला. नेमका तेवढाच, जेवढं तारळेकर एखाद्या प्रश्नाआधी थांबत.

“आज काय भाजी केलीत?”

“दोडका,” तारळेकर म्हणाले. “शैलजासारखा नाही झाला. ती तीळ घालायची. मी शेंगदाणे घातले. तीळ होते घरात, पण...” ते बराच वेळ बोलत राहिले. रुक्साना खिडकीबाहेर बघत होती आणि अधिकारी घड्याळाकडे. नऊ मिनिटांना चाळीस सेकंद कमी असताना तारळेकर स्वतःच थांबले, आणि अधिकाऱ्याकडे वळून, पतसंस्थेच्या काउंटरवर रोख भरताना लावत त्या आवाजात म्हणाले, “हाच आवाज. यानेच मागितले. मी माणूस समजून दिले.”

तीन सह्या झाल्या. स्पीकरवरचा हिरवा दिवा गेला.

दीड महिन्याने पैसे आले. त्याच आठवड्यात इंदुमतीबाईंचा फोन आला.

“मुलगा बोलला,” त्या म्हणाल्या.

“काय म्हणाला?”

“‘पैसे आले का’ म्हणाला.”

“आणि?”

“मी ‘हो’ म्हटलं.” त्या थांबल्या, तारळेकरही त्याच वेळी बोलायला गेले आणि थांबले. मग इंदुमतीबाईंनी “बरं, ठेवते” म्हणून फोन ठेवला.

हिशोब मिटला तो असा. तारळेकरांना एकोणीस लाख अठरा हजार परत मिळाले, इंदुमतीबाईंना अकरा लाख वीस हजार. यंत्र चालवणाऱ्या तिघांना जामीन मिळाला. केंद्राची विजेची बचत झाली. केतकीचा रविवारचा फोन सात मिनिटांवरून अकरावर गेला, ही चार मिनिटांची निव्वळ जमा. वाईच्या अण्णांनी आपले पैसे उचललेच नाहीत; ते सरकारी खात्यात पडून आहेत.

आणि खर्चाच्या बाजूला: दोनशे बारा माणसं, प्रत्येकी रोजची नऊ मिनिटं. सगळे मिळून एकतीस तास अठ्ठेचाळीस मिनिटं होतात. एवढा वेळ रोज कोणीतरी कोणाला तरी भाजी विचारत होतं, पाठच्या भावाच्या आवाजात मुलाची चौकशी करत होतं. हे कुठल्या बँकेने भरलं नाही, सरकारने नाही, चोरांनी तर नाहीच. भरलं त्या दोनशे बारा जणांनी, आणि त्यातल्या दोनशे अकरांचं तारळेकरांनी त्यांना न विचारता भरून टाकलं.